उपचार संपले, आता पुढचं प्रिस्क्रिप्शन

कॅन्सरच्या उपचारात केमोच्या प्रत्येक सायकलला डोस असतो, तारीख असते, आदल्या दिवशीचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) असतो आणि कागदावर कुणाची तरी सही असते. शेवटची सायकल झाली, रेडिएशनचा शेवटचा फ्रॅक्शन (एका दिवसाचा हप्ता) झाला, की हातात पडतं ते एवढंच: 'चांगलं खा, आराम करा, तीन महिन्यांनी दाखवायला या.' त्या तीन महिन्यांना डोस नाही, तारीख नाही, सही नाही. पेशंट स्वतः डॉक्टर असला तरी यात फरक पडत नाही, उलट त्याचं जास्तच बिघडतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालेलं असल्यामुळे माझं मत ठाम आहे. उपचारानंतरच्या वर्षाला केमोइतकंच काटेकोर प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि ते लिहिणारा डॉक्टर दुसरा असावा लागतो.

डॉक्टर-पेशंटचं बिघडतं कसं? तो केसपेपर काढत नाही. बॅचमेटला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवतो, 'बघ रे जरा' म्हणतो, आणि बॅचमेटही ओळखीमुळे शौचाचं, झोपेचं, लैंगिक तक्रारींचं काहीच विचारत नाही. तपासणी होत नाही, वजनाची नोंद होत नाही. पायाला मुंग्या येतात म्हणून प्रेगाबालिन स्वतःच चालू, झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम स्वतःच चालू. वर्षभराने कुणी विचारलं तर एका जागी काहीही लिहिलेलं नसतं. उपाय साधा आहे: रांगेत उभं राहून केसपेपर काढायचा, एक ऑन्कोलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) आणि एक फॅमिली फिजिशियन ठरवायचे, आणि स्वतःच्या नावाने स्वतः एकही गोळी लिहायची नाही. क्रोसिनसुद्धा नाही, निदान पहिले तीन महिने. ताप मोजायच्या आधी तो दाबला की पांढऱ्या पेशींचा काउंट पडल्याचं लक्षातच येत नाही.

पहिलं काम कागदांचं. मुंबईत अनेकांची सर्जरी परळला, रेडिएशन खारघरला आणि केमो घराजवळच्या डे-केअरमध्ये झालेली असते. कागद तीन फायलींत. शेवटच्या व्हिजिटला एका पानाचा गोषवारा मागून घ्या: निदान आणि स्टेज, पॅथॉलॉजीचा नंबर, कोणती औषधं आणि त्यांचा एकूण डोस, रेडिएशन किती ग्रे (डोसचं एकक), किती फ्रॅक्शन आणि नेमकं कुठे, पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली नळी) आहे की काढला, पुढची तपासणी कधी. 'सहा केमो झाल्या' हे वाक्य दहा वर्षांनी हृदयाच्या डॉक्टरच्या काहीच उपयोगाचं नाही. 'डॉक्सोरुबिसिन (केमोचं एक औषध) एकूण २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर' हे उपयोगाचं आहे, कारण २५० आणि त्यावरचा डोस हृदयासाठी जास्त जोखमीचा धरतात, आणि वय ६० च्या पुढे असेल किंवा बीपी, मधुमेह असे दोन जोखमीचे घटक असतील तर कमी डोसलाही तेवढीच काळजी घेतात. अशा पेशंटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) उपचार संपल्यावर ६ ते १२ महिन्यांत एकदा व्हायला हवा, धाप लागत नसली तरी. पोर्ट ठेवला असेल तर तो फ्लश करण्याच्या तारखाही त्याच पानावर लिहा. लोक हे हमखास विसरतात, मग तो ब्लॉक होतो.

आता थकवा. हा झोपेने जात नाही, आणि 'आराम करा' हा सल्ला इथे बऱ्याचदा उलटा पडतो. आठवडाभर पडून राहिलं की मांडीचे स्नायू आणखी झिजतात, मग दोन जिने चढताना धाप लागते, मग माणूस आणखी पडून राहतो. पण चालायला लावण्याआधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम, मॅग्नेशियम. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवल नाही. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉईड हळूहळू मंदावतो, म्हणून टीएसएच दर ६ ते १२ महिन्यांनी कायमच. सिसप्लाटिन हे केमोचं औषध झालं असेल तर मॅग्नेशियम बरेच महिने कमी राहू शकतं. पायात गोळे येतात, धडधडतं, आणि सगळे त्याला 'अशक्तपणा' म्हणतात.

हे सुधारलं किंवा नॉर्मल निघालं की चालण्याचा डोस. थकव्यासाठी ज्याचा पुरावा आहे तो असा: आठवड्यातून तीन दिवस ३० मिनिटं मध्यम गतीचं चालणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि हे निदान ८ ते १२ आठवडे. मध्यम गती म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकी. सुरुवात मात्र ३० मिनिटांनी करायची नाही. पहिल्या आठवड्यात सपाटीवर दिवसातून दोनदा सात-आठ मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटलं नाही, तर पुढच्या आठवड्यात प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं वाढवा. वाटलं, तर तेवढंच ठेवा, शून्यावर येऊ नका. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे एखाद्या बऱ्या दिवशी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून येणं. एक फेरीच सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. मग तीन दिवस अंथरुणात, आणि 'व्यायाम मला झेपत नाही' हा निष्कर्ष. हिमोग्लोबिन ८ च्या खाली, प्लेटलेट खूप कमी, ताप, छातीत दुखणं किंवा हाडात गाठ असेल, तर आधी डॉक्टर, मग चालणं.

मुंबईत वेळ पाळावी लागते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत, नाहीतर घामानेच अंगातलं पाणी जातं आणि थकवा व्यायामाच्या नावावर पडतो. पावसाळ्यात बिल्डिंगचा पोडियम किंवा चाळीची गॅलरी; गॅलरीत चालणं कंटाळवाणं आहे, पण घसरण्यापेक्षा बरं. जिना हा या शहरात फुकट मिळणारा ताकदीचा व्यायाम आहे. कठडा धरून एक मजला चढा, थांबा, श्वास ताळ्यावर आला की उतरा. गर्दीच्या वेळचे रेल्वेचे पादचारी पूल यासाठी नाहीत, तिथे स्वतःच्या गतीने चालताच येत नाही. ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं ८ ते १० वेळा, असे दोन सेट. भिंतीला हात लावून पुश-अप. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली डोक्याच्या वर. प्रगती मोजायची तर ३० सेकंदांत किती वेळा उठून उभं राहता येतं ते दर दोन आठवड्यांनी लिहा. वजनकाट्यापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो.

व्यायाम केवळ मनाच्या उभारीसाठी आहे असं समजणाऱ्यांसाठी एक आकडा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'चॅलेंज' या चाचणीत कोलन कॅन्सरची सर्जरी आणि केमो झालेले ८८९ पेशंट होते. निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम, निम्म्यांना फक्त आरोग्याची माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेले पहिल्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्यात ७३.९. एखाद्या गोळीने एवढा फरक पडला असता तर तिची किंमत लाखांत असती. अर्थात हा पुरावा कोलन कॅन्सरचा आहे, तो सरसकट सगळ्या कॅन्सरना चिकटवू नये.

चालण्याने स्नायू बनायचे तर माल लागतो, आणि इथे आपलं आजारपणाचं जेवण कमी पडतं. पेज, मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, साबुदाण्याची खीर: पोटाला हलकं, पण प्रोटीन जवळजवळ नाहीच. गरज दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. हिशोब करा. एक अंडं ६ ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या डाळीची वाटीभर घट्ट आमटी ६ ते ७. पेलाभर दूध ६ ते ७. १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास. १०० ग्रॅम बांगडा किंवा चिकन १८ ते २०. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे ७ ते ८. ३० ग्रॅम सोयाचंक्स १५. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, भात आणि पातळ आमटी अशा दोन जेवणांतून ३० ते ३५ ग्रॅमच्या वर सहसा जात नाही. उरलेलं एका जेवणात भरून निघत नाही, म्हणून सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी आमटीत पनीर किंवा मासळी, चारला शेंगदाण्याचा लाडू नाहीतर सत्तूचं ताक, रात्री घट्ट पिठलं, झोपताना दूध असं वाटून घ्यायचं. घास गिळायला त्रास होत असेल तर दुधातच तीन-चार चमचे दूध पावडर घाला. पेला तेवढाच राहतो, प्रोटीन वाढतं. किडनीचा त्रास असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, आहारतज्ज्ञांकडून घ्या.

'साखर बंद, दूध बंद, गहू बंद' हा सल्ला शेजारून, नातेवाईकांकडून आणि फॉरवर्डमधून हमखास येतो. वजन आधीच घसरलेल्या माणसाचं त्याने आणखी नुकसान होतं. साखर बेताने खावी ती मधुमेहासाठी, वजनासाठी. ती सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही. तसंच काढ्यांचं. गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरतज्ज्ञांनी प्रसिद्ध केली होती. केमोनंतर एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) वाढलेला दिसला की ऑन्कोलॉजिस्टला प्रश्न पडतो: औषध, हिपॅटायटिस, की लिव्हरमध्ये गाठ? घरात उकळणारा काढा त्याला कुणी सांगत नाही. घेत असाल तर निदान सांगा.

तोंडाच्या कॅन्सरवर थोडं सविस्तर, कारण महाराष्ट्रात तो खूप आहे आणि नंतरची देखभाल सगळ्यात जास्त त्याचीच ढिली पडते. सर्जरी आणि रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू आखडत जातात, आणि हे आखडणं रेडिएशन संपल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालू राहतं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झालं की त्याला ट्रिस्मस म्हणतात. घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते पाहा. व्यायाम: तोंड उघडेल तितक्या आईस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये सरकवा, ३० सेकंद धरा, सोडा, असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. चार-पाच दिवसांनी सहज वाटलं की गठ्ठ्याच्या मधोमध एक काडी वाढवा. एक काडी म्हणजे दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे हे काम महिन्यांचं आहे. ताण जाणवला पाहिजे, कळ नको. दात हलत असतील, किंवा जबड्यात प्लेट किंवा हाडाचा फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून लावलेलं हाड) असेल तर काड्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच. ज्या भागावर रेडिएशन झालं तिथे गरम पाण्याची पिशवी नको; तिथली संवेदना कमी असते आणि भाजल्याचं उशिरा कळतं.

लाळ कमी झाली की दात वेगाने किडतात, तेही हिरडीच्या कडेला. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) घालून दिवसभर चुळा भरा, पाणी रोज ताजं करा. अल्कोहोलचा माउथवॉश बंद. रात्री ५००० पीपीएम फ्लोराईडची जेल किंवा पेस्ट, लावल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आणि हे आयुष्यभर. सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी: दुखणारी दाढ गल्लीतल्या दवाखान्यात सहज काढून टाकणं. रेडिएशन झालेल्या, विशेषतः खालच्या जबड्यात रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही आणि हाड सडू शकतं. हा धोका वर्षं उलटली म्हणून संपत नाही. डेंटिस्टला आधी रेडिएशनचा कागद दाखवा. आणि मिसरी, सुपारी, मावा? महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ ची आहे आणि टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाईन मोफत आहे.

स्तनाच्या सर्जरीत काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते, म्हणून दोन्ही हात टेपने मोजा: मनगट, कोपराच्या खाली १० सेंटिमीटर, कोपराच्या वर १० सेंटिमीटर. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागी. दोन हातांत एखाद्या जागी २ सेंटिमीटरचा फरक नव्याने दिसला किंवा बांगडी अचानक घट्ट झाली, तर फिजिओथेरपिस्टकडे त्याच आठवड्यात. सुरुवातीची सूज उतरते, जुनी कडक होते. 'त्या हाताने काही उचलायचं नाही' हा सल्ला मात्र जुना झाला. २००९ च्या एका चाचणीत हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांनी सूज वाढली नाही, उलट तिचा त्रास कमी झाला. कळीचा शब्द 'हळूहळू'. अर्ध्या किलोपासून सुरू करा. मोरीतली भरलेली बादली हे पहिलं वजन नव्हे, आणि गर्दीच्या लोकलमध्ये त्याच हाताने वरची कडी धरून लोंबकळणं तर नव्हेच. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही परवानगी असते. दाखला जवळ ठेवा आणि संकोच न करता चढा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर ते इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक त्याच दिवशी.

केमोमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणा पॅक्लिटॅक्सेल या औषधानंतर बहुतेकांचा काही महिन्यांत ओसरतो. सिसप्लाटिन, ऑक्सॅलिप्लाटिननंतर तो औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो. ते माहीत नसलं की माणूस घाबरून भलत्याच तपासण्या करत बसतो. वेदनेसाठी पुरावा असलेलं औषध ड्युलोक्सेटिन. पण टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू असेल तर ते आधी सांगा, कारण दोन्ही औषधं लिव्हरमधल्या एकाच एन्झाइमशी संबंधित आहेत. घरात: अनवाणी चालू नका, आंघोळीचं पाणी कोपराने तपासा, रात्री पाय आरशात बघा, बाथरूममध्ये दिवा.

पावसाळा हा इथला वेगळा अध्याय. केमो चालू असताना आणि नंतरचे काही आठवडे ३८.३ अंश सेल्सिअस ताप एकदाही आला, किंवा ३८ अंश तासभर टिकला, तर रात्र असली तरी हॉस्पिटल. नंतरच्या महिन्यांत तापाचा अर्थ मलेरिया, डेंग्यू, लेप्टोही (साचलेल्या पाण्यातून होणारा) असतो, आणि प्लेटलेट कमी दिसल्या की केमोवर खापर फोडून मोकळं होता येत नाही. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिन. पायावर जखम किंवा सूज असेल तर नक्कीच. ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून दोन-तीन तास लांब ठेवायची. फ्लूची लस पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये. न्यूमोकोकल आणि नागिणीची लसही विचारून घ्या. नागिणीची जी घ्याल ती जिवंत विषाणूची नसलेली. लसी साधारणपणे केमो संपून तीन महिन्यांनी, रिटुक्सिमॅब हे औषध झालं असेल तर निदान सहा महिन्यांनी.

कामावर परतणं, खासकरून डॉक्टरांचं. पहिले दोन-तीन महिने अर्धा दिवस ओपीडी, नाईट नाही, इमर्जन्सी नाही. टीबीचे पेशंट इतके येतात की ओपीडीत एन-९५ हवाच. बोटं बधिर असलेल्या सर्जनने आधी सिवन पॅडवर गाठ मारून बघावी, सहकाऱ्याने शेजारी उभं राहून खरं सांगावं. लक्ष न लागणं, नावं न आठवणं हेही खरं असतं. डोस तोंडी सांगू नका, लिहा, आणि लिहिलेला सिस्टरला परत वाचायला लावा.

राहिल्या तपासण्या. डॉक्टर-पेशंट इथे दोन टोकांना असतात: एक काहीच करत नाही, दुसरा पाठ दुखली की पेट-स्कॅन करून येतो. रेडिएशननंतर १२ आठवड्यांच्या आत केलेल्या पेटमध्ये नुसती सूजही चमकते आणि त्यातून नको ती बायोप्सी होते. स्तनाच्या कॅन्सरनंतर लक्षण नसेल तर वर्षाला मॅमोग्राफी आणि पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी पुरते. ट्यूमर मार्कर (कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी) आणि पेट-स्कॅन दरवेळी करून आयुष्य वाढत नाही. अरोमाटेज इनहिबिटर (हीसुद्धा हार्मोनची गोळी) चालू असेल तर डेक्सा (हाडांची घनता) दर दोन वर्षांनी. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी बंद झाल्यानंतर एक थेंब रक्त दिसलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञ. कोलनसाठी सीईए हा ट्यूमर मार्कर पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, कोलोनोस्कोपी वर्षाने. तोंड आणि घशाच्या कॅन्सरला पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी प्रत्यक्ष बघणं, कारण तिथे बोट आणि डोळे स्कॅनच्या आधी सांगतात. आणि ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं ते यासाठी: दोन आठवड्यांत न भरणारी जखम, नवी गाठ, रात्री झोपेतून उठवणारं आणि वाढत जाणारं हाडाचं दुखणं, न थांबणारा खोकला, कारण नसताना महिन्यात पाच टक्के वजन घटणं. फोन करून, रांगेत उभं राहून, केसपेपर काढून.